मांडव्याला उतरून सायकलने अलिबाग: कुठला रस्ता, कुठली वेळ

विचारणारं कुटुंब मुंबईचं आहे. आईवडील चाळिशीतले, मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची. गिअरच्या साध्या सायकली घेऊन डिसेंबरात तीन दिवस अलिबागला यायचं, मांडव्याला उतरायचं, मोटार न करता सगळं सायकलनेच फिरायचं, असा त्यांचा बेत आहे. रोज किती किलोमीटर धरावेत आणि मुरुडपर्यंत जमेल का, असं त्यांनी विचारलं आहे. मी याच तालुक्यातली. शाळेतल्या मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत बऱ्याच जणांना या रस्त्यांवरून घेऊन गेले आहे, त्या अनुभवावरून सांगते.

आधी मुरुडचं. अलिबागहून मुरुड पन्नासेक किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन येणं बारा वर्षांच्या मुलीला घेऊन अजिबात करू नका. जायचंच असेल तर काशीदला किंवा मुरुडला मुक्काम ठेवून दोन दिवसांत करा, किंवा यावेळी रेवदंड्याच्या पुलापाशी थांबा. मी हा दुसरा पर्याय सुचवेन. तीन दिवस अलिबाग तालुक्यातच घालवले तरी बरंच काही बघायचं राहून जाईल.

आता किलोमीटरचं. इथे रोजचा आकडा आधी ठरवू नका. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत मोठा चढ जवळजवळ नाही, त्यामुळे नकाशावर बघून चाळीस किलोमीटर सहज होतील असं वाटतं. सकाळी सात ते दहा या वेळात ते होतातही. तेच दुपारी दोननंतर उत्तरेकडे तोंड करून निघालात तर पंधरा किलोमीटरला दम निघतो. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकतो ना, ते इथे रोज अंगावर घ्यावे लागतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून हलका, गार मतलई वारा असतो, तो सायकलला फारसा अडवत नाही. उन्हं चढली की वारा फिरतो, आणि दुपारनंतर समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून, चांगला जोराचा येतो. आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे दुपारी अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना वारा पाठीशी आणि परत येताना छातीवर. लोक जाताना खुशीत लांब जातात आणि येताना मुलं रडकुंडीला येतात, ते यामुळे.

त्यामुळे दक्षिणेकडे जायचं असेल तेव्हा उजाडता निघा आणि दहाच्या आत परतीला लागा. उत्तरेकडे, म्हणजे थळ, किहीम, मांडवा या बाजूला जायचं असेल तर वेळेची थोडी सूट आहे, कारण उशीर झाला तरी परतताना वारा मदतीला असतो. शेवटच्या दिवशी मात्र बोट गाठायला उत्तरेकडेच जायचं आहे. त्या दिवशी सकाळची बोट ठरवा. दुपारची बोट म्हणजे सामान लादलेली सायकल, समोरचा वारा आणि घड्याळ, तिन्ही एकदम.

येताना भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे मोटारी नेणाऱ्या बोटीने या. तासाभरात मांडवा येतं, सायकल गाड्यांच्या डेकवर उभी करता येते. तिकीट काढतानाच सोबत सायकली आहेत हे सांगा. गेटवेच्या लाँचवर एकटादुकटा सायकल घेऊन येतो, पण चार सायकली, दोन मुलं आणि जेट्टीच्या पायऱ्या हे त्रासाचं आहे. बोट मांडव्याला लागली की तिच्या पोटातून सगळ्या मोटारी एकदम रस्त्यावर येतात आणि प्रत्येकाला अलिबागला आधी पोहोचायचं असतं. त्यांना जाऊ द्या. जेट्टीवर चहा घ्या, मुलांच्या सीटची उंची तपासा, टायर दाबून बघा. पंधरा-वीस मिनिटांनी रस्ता मोकळा होतो तो पुढची रो-रो येईपर्यंत. ही एवढी एक गोष्ट पाळलीत तरी पहिला तास निवांत जाईल.

मांडवा ते अलिबाग मुख्य रस्त्याने वीसेक किलोमीटर आहे. पण सगळं अंतर त्याच रस्त्याने कापायचं तर सायकल आणायची कशाला? मांडव्यातून किनाऱ्याच्या बाजूने सासवण्याला जा. गावात शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे, त्यात त्यांची शिल्पं मांडली आहेत. पुण्यात शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, 1928 सालचा. घराच्या अंगणात आणि आतल्या खोल्यांत गावातली साधी माणसं, बायका, जनावरं इतकी जिवंत उभी आहेत की मुलंही गप्प बघत राहतात. तासभर द्या. पुढे आवास. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांच्या आत माड आणि पोफळी, रस्ता सावलीचा आणि एक गाडी जेमतेम जाईल एवढा. गेल्या काही वर्षांत या गडग्यांच्या जागी बंगल्यांच्या उंच भिंती आल्या आहेत आणि काही वळणांवर समोरून येणारी गाडी दिसत नाही. वळणापूर्वी घंटी वाजवा, एकामागे एक चला, मुलगी मधे ठेवा.

आवासनंतर थोडा मुख्य रस्ता घ्यावा लागतो. चोंढी नाक्याला उजवीकडे वळलात की किहीम. पक्ष्यांचे अभ्यासक सालिम अली 1930 च्या पावसाळ्यात इथे राहत होते, आणि सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचं त्यांचं प्रसिद्ध निरीक्षण इथलंच. डिसेंबरात सुगरणींची लगबग नसते, पण जुनी घरटी झाडांवर लोंबताना दिसतात, मुलांना दाखवा. किहिमच्या खाली नवगाव, थळ, वरसोली ही किनाऱ्याची गावं आहेत, गावागावांतून विचारत अलिबागेत उतरता येतं. नवगावला बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू समाजाचं स्मारक आहे. त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. थळच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटं दिसतात. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 साली बांधकाम सुरू केलं तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही ते अडवायचा प्रयत्न केला होता. मुंबई बंदराचं तोंड इथून किती जवळ आहे हे थळच्या वाळूत उभं राहिलं की लगेच कळतं. पहिल्या दिवसाला एवढं पुरे. दुपारी पोहोचून जेवा, झोपा, संध्याकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर चालत जा. जाता येता हिराकोटाजवळची भूचुंबकीय वेधशाळा बाहेरूनच दाखवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा 1904 मध्ये इथे हलवली, कारण त्या विजेने सूक्ष्म मोजमापं बिघडली असती.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे, आणि त्यासाठी भरती-ओहोटीचा हिशेब हवा. अलिबाग, नागाव, आक्षी या किनाऱ्यांची ओली वाळू ओहोटीला इतकी घट्ट होते की सायकल सडकेसारखी पळते. भरतीला तिथे चाक रुततं. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. तिथून पुढे-मागे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. सकाळी वाळूवरून सायकल चालवायची असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. उजाडतं तेव्हा पाणी लांब असतं. सप्तमी-अष्टमीला याल तर पहाटे लाटा सुरूच्या बनापर्यंत आलेल्या असतील. डिसेंबरात मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते आणि चौल-भोवाळ्याच्या डोंगरावरच्या दत्ताची मोठी यात्रा पुढे काही दिवस चालते. यात्रा बघायची असेल तर जरूर या, पण मग चौलच्या रस्त्यावर सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा. शांत रस्ता हवा असेल तर अमावास्या बरी.

वाळूवर दोन गोष्टींचं भान ठेवा. अलिबाग आणि आक्षीच्या मधे खाडी आहे, ती पाण्यातून ओलांडायचा विचारही करू नका, रस्त्यावर येऊन पुलावरूनच जा. आणि नागावला नऊनंतर किनाऱ्यावर घोडागाड्या, मोटारसायकली, पाण्यातल्या खेळांची गर्दी सुरू होते, त्याआधी वाळू सोडा. आक्षीच्या ओल्या वाळूत सकाळी कुरव आणि छोटे चिखल्या पक्षी मोठ्या संख्येने बसलेले असतात. त्यांच्या थव्यातून सायकल घालून ते उडवायची मुलांना हौस येते. ते करू देऊ नका. लांबून आलेले पक्षी आहेत, ओहोटीच्या त्या दोन-चार तासांतच त्यांना पोट भरायचं असतं.

आक्षीत रस्त्यालगत शिलालेख आहे. त्यावरची तारीख शके 934, म्हणजे इ. स. 1012, अशी वाचली गेली आहे, आणि त्यामुळे तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. सायकलवरून खाली उतरून तो बघायला दोन मिनिटं लागतात, तरी मोटारीतून जाणारी बहुतेक माणसं तशीच पुढे जातात. नागावपासून बागमळा आणि चौलपर्यंत मुख्य रस्ता अरुंद आहे, एसटी आणि रिसॉर्टच्या गाड्या दोन्ही बाजूंनी येतात. वाड्यांमधून जाणाऱ्या आतल्या गल्ल्या शक्य तितक्या वापरा. काही पुढे बंद होतात, पण परत यायला पाच मिनिटंच जातात आणि अशा ठिकाणी कोणी ना कोणी रस्ता सांगतंच. चौलमध्ये रामेश्वराच्या पुष्करणीपाशी बसून खाणं उरका. तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती असं चौलबद्दल सांगतात. मोजायला कोणी गेलं नसेल, पण आतल्या रस्त्याने फिरताना दर थोड्या अंतरावर एखादं तळं लागतंच.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीज किल्ल्याच्या आत वसलेलं गाव. रस्ता तटातूनच आत शिरतो. सातखणी मनोरा माडांच्या वर डोकं काढून उभा आहे. पडझड झालेल्या तटावर मुलांना चढू देऊ नका, खाली भरपूर बघण्यासारखं आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे. कुंडलिकेच्या खाडीवर जाऊन पूल बघा, पलीकडे कोर्लईचा डोंगर बघा आणि मागे फिरा. अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पस्तीस-छत्तीस. सातला निघालात तर साडेदहा-अकरापर्यंत परत. वाटेत शहाळ्यासाठी थांबणं यात धरलेलं आहे.

पूल ओलांडून पुढे जायचं त्यांच्यासाठी थोडक्यात. साळाव, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव, मुरुड असा रस्ता आहे. समुद्र उजवीकडे सतत साथ देतो, पण काशीदच्या अलीकडे-पलीकडे चढउतार आहेत आणि शनिवार-रविवारी काशीदला जाणाऱ्या मोटारी वळणांवर बेफाम ओव्हरटेक करतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, मुक्काम ठेवून, मोठ्यांनी आणि पंधरा वर्षांच्या मुलाने करण्यासारखा हा रस्ता आहे. कोर्लई गावात पोर्तुगीजमधून तयार झालेली वेगळी बोली अजून घराघरांत बोलली जाते. तिथे थांबून कोणाशी चार शब्द बोला.

तिसरा पूर्ण दिवस मी खारेपाटासाठी ठेवेन आणि परतीची सकाळची बोट चौथ्या दिवशी धरेन. माझा सगळ्यांत आवडता भाग हाच, आणि पर्यटक इथे जवळजवळ येतच नाहीत. धरमतर खाडीच्या बाजूची ही जमीन पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाऱ्या पाण्यातून मिळवलेली आहे. जमीन सपाट, आभाळ मोठं. मधून मधून खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारी दारं, त्यांना इथे उघाडी म्हणतात. शेताच्या कडेला जिताडा माशाची तळी. डिसेंबरात भात कापून झालेलं असतं, त्याच ओलाव्यावर वाल उगवून येत असतो. सायकलला इतका सोपा रस्ता तालुक्यात दुसरा नाही, बारा वर्षांच्या मुलीला पुढे राहू द्या.

अडचण आहे ती तिथपर्यंत पोहोचण्याची. अलिबागहून कार्लेखिंडीतून पेझारीपर्यंत जावं लागतं, तो अलिबाग-पेण रस्ता आहे आणि त्यावर मुलांना घालू नये. मोटार घ्यायची नाही असं तुम्ही ठरवलंय, पण इथे अपवाद करा. मिनीडोर, म्हणजे इथली भाड्याची मोठी रिक्षा ठरवा, सायकली वर बांधा आणि पेझारी नाक्यापर्यंत जा. तिथे मुख्य रस्ता सोडला की चरी, कोपर, हाशिवरे, नारंगी ही गावं जवळजवळ आहेत. एका गावातून दुसऱ्यात बांधावरच्या रस्त्यांनी फिरा, आकडा धरू नका, दमलात की परत नाक्याला या. चरीला थांबा. जमीनदार खोतांच्या विरोधात इथल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 साली जमीन न कसण्याचा संप सुरू केला, तो 1939 पर्यंत टिकला. सहा वर्षं शेतं पडीक ठेवून, लाकूडफाटा विकून माणसं जगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले होते. कुळकायद्याच्या इतिहासात या गावांचं नाव आहे. ज्या शेतांमधून तुमची मुलं सायकल चालवतील, त्याच शेतांची ही गोष्ट आहे, आणि ती तिथेच उभं राहून सांगितली तर त्यांना पोहोचते.

थंडीत या बाजूला शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शेंगा साधारण डिसेंबरच्या शेवटापासून भरतात. कोणी बोलावलं तर संकोच न करता जा. पांढरा कांदा मात्र तुम्हाला या खेपेला मिळणार नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा कांदा डिसेंबरात नुकता शेतात लागत असतो, त्याच्या माळा रस्त्याच्या कडेला दिसतात त्या फेब्रुवारीनंतर.

तारखांबद्दल एक ठाम सल्ला. नाताळपासून एक जानेवारीपर्यंत येऊ नका. वडखळपासून काशीदपर्यंत मोटारींची रांग असते, रात्री दारू पिऊन चालवणारे असतात, आतल्या गल्ल्याही त्यातून सुटत नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सोमवार ते गुरुवार हे दिवस साधा. मुलांच्या शाळेची रजा घ्यावी लागेल, ती घ्यायच्या लायकीचं हे कारण आहे.

डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर लवकर अंधार पडतो. गावच्या रस्त्यांवर दिवे तुरळक आहेत, म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा चारही सायकलींना हवा, बेत दिवसाचा असला तरी. हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनाही. टायर अगदी बारीक नकोत. 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे असतील तर गावातले खड्डे आणि ओली वाळू दोन्ही निभतं. वाळूवर उतरताना हवा थोडी कमी करा, रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरा, त्यासाठी छोटा पंप सोबत ठेवा. प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब घ्या. अलिबागेत पंक्चर काढून मिळतं, आवासच्या गल्लीत किंवा खारेपाटाच्या बांधावर दुकान शोधावं लागेल. आणि वाळूवरून आलात की त्याच दिवशी, अंघोळीच्याही आधी, सायकल गोड्या पाण्याने धुवा. साखळी, गिअर, ब्रेकच्या तारा यांवर पाणी ओता, पुसा, तेल घाला. खाऱ्या पाण्याची साखळी रात्रभर तशीच राहिली की सकाळी तांबूस दिसते आणि गिअर अडकायला लागतात.

मुंबईहून सायकली आणण्याऐवजी इथे भाड्याने घ्याव्यात का, असंही तुम्ही विचारलं आहे. काही रिसॉर्टमध्ये आणि होमस्टेमध्ये मिळतात. किनाऱ्यावर तासभर फिरायला त्या ठीक आहेत, रेवदंड्यापर्यंत न्यायला बहुतेक नाहीत, कारण समुद्राच्या हवेत उभ्या राहून त्यांचे ब्रेक आणि सीटचे नट गंजलेले असतात. मोठ्यांच्या सायकली शक्य असेल तर स्वतःच्याच आणा. मुलीच्या मापाची तर आणाच. इथे लहान मापाची सायकल मिळाली तरी गिअरची मिळणं कठीण आहे, आणि आईवडील गिअरवर, मुलगी बिनगिअरची, असं झालं तर तिन्ही दिवस तीच मागे राहील.

मुक्काम अलिबाग शहरात न करता वरसोलीला किंवा नागावला घ्या. रूम ठरवताना सायकली रात्री आत ठेवता येतील का आणि धुवायला नळ आहे का, हे आधीच विचारून घ्या.